न दुखणारी काळी खपली : माणसातला अँथ्रॅक्स ओळखायचा कसा, तपासायचा कसा आणि उपचार काय करायचे

ओडिशातला कोरापुट जिल्हा आणि त्याला लागून असलेला आंध्र प्रदेशातल्या पूर्वीच्या विशाखापट्टणम जिल्ह्याचा डोंगराळ पट्टा, इथल्या आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना अँथ्रॅक्स हा परीक्षेपुरता वाचलेला आजार राहिलेला नाही. पूर्व घाटातल्या आदिवासी गावांत तो पुन्हा पुन्हा उगवतो आणि त्याची गोष्ट दर वेळी साधारण तीच असते. गाय, बैल किंवा शेळी अचानक मरते. मेलेलं जनावर टाकून देणं घराला परवडत नाही. चार-पाच जण मिळून कातडं सोलतात, मांस वाटून घेतात, उरलेलं वाळवून ठेवतात. आठवडा सरायच्या आत त्यांच्यातल्या कुणाच्या बोटावर, मनगटावर नाहीतर गालावर पुळी उठते. झारखंडमधलं सिमडेगा, बंगालमधलं मुर्शिदाबाद, कर्नाटक आणि तमिळनाडूचे काही भाग इथेही हेच घडत आलं आहे.

महाराष्ट्रातल्या बहुतेक डॉक्टरांनी असा रुग्ण पाहिलेला नसतो. त्यामुळेच तो समोर आला तर निसटण्याची शक्यता जास्त. मेंढपाळांचे कळप जिल्हे ओलांडत फिरतात, जनावरांचे बाजार राज्याची हद्द मानत नाहीत, आणि मजूर कामासाठी कुठून कुठे जातात. हा लेख मुख्यतः ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यसेवकांसाठी आहे. पशुपालकांनीही वाचावा, मात्र औषधांचे डोस वाचून दुकानातून गोळ्या आणू नयेत.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर या आजाराचं अर्धं निदान जखमेत असतं आणि अर्धं एका प्रश्नात : जनावर मेलं होतं का? हा प्रश्न विचारला गेला तर त्वचेचा अँथ्रॅक्स साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. विचारला गेला नाही तर रुग्ण गळवाच्या फाईलमध्ये जातो, त्याला चीर दिली जाते, आणि भलतंच अँटिबायोटिक चालू होतं.

आजार थोडक्यात

बॅसिलस अँथ्रासिस हा जिवाणू मुळात गवत खाणाऱ्या जनावरांचा. १८७६ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी याच जिवाणूवर काम करून एक ठरावीक जिवाणू एक ठरावीक रोग घडवतो हे दाखवून दिलं. मेलेल्या जनावराचं रक्त उघड्यावर सांडलं की जिवाणू बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचाच्या सुप्त रूपात जातो, आणि हे बीजाणू मातीत कित्येक दशकं टिकतात. कोरड्या उन्हाळ्यानंतर पाऊस पडला, माती उकरली गेली, जनावरांनी अगदी मुळाशी चरायला सुरुवात केली, की चक्र पुन्हा फिरतं. जनावरांतल्या या रोगाला आपल्याकडे फाशी म्हणतात आणि माणसाच्या अंगावर उठते ती काळपुळी. मात्र मधुमेह्याच्या पाठीवर होणाऱ्या मोठ्या गळवालाही गावात काळपुळीच म्हणतात, तेव्हा रुग्णाने सांगितलेल्या नावावर जाऊ नका.

उपचार समजायला एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. हा जिवाणू मुख्यतः विषाने मारतो. त्यातलं एक विष ऊतींमध्ये पाणी भरतं, म्हणून ती प्रचंड सूज येते. दुसरं पेशी मारतं. अँटिबायोटिक जिवाणूला मारतं, पण आधीच रक्तात उतरलेल्या विषाला काही करत नाही. त्यामुळे उशीर महागात पडतो. आणि औषध चालू झाल्यावरही जखम काही दिवस आपल्या गतीने काळी होत राहते, याचं कारणही हेच.

पहिली पायरी : जखम नीट बघा

माणसांत आढळणाऱ्या अँथ्रॅक्सपैकी ९५ टक्क्यांहून अधिक त्वचेचा असतो. जिवाणू खरचटलेल्या, कापलेल्या जागेतून शिरतो. साधारण एक ते सात दिवसांत, कधी त्याहून उशिरा, तिथे लहानशी लालसर पुळी येते. खाजते, दुखत नाही. रुग्णाला वाटतं डास किंवा किडा चावला. एक-दोन दिवसांत तिचा पाणीदार फोड होतो, कधी मधल्या फोडाभोवती बारीक फोडांचं कडं उठतं. फोड फुटतो, मध्यभाग खोल जातो आणि त्यावर काळी, कोरडी, घट्ट चिकटलेली खपली धरते. आकार साधारण एक ते तीन सेंटिमीटर.

आता तपासणीच्या टेबलावर काय करायचं ते सांगतो. खपलीच्या कडेला बोटाने दाबा. रुग्ण हात मागे ओढत नाही. पू येत नाही. भोवतालची सूज दाबली तर खड्डा पडत नाही. सूज मात्र जखमेच्या मानाने फार मोठी असते : मनगटावर रुपयाएवढी खपली आणि कोपरापर्यंत हात सुजलेला. पापणीवर असेल तर दोन्ही डोळे मिटलेले आणि चेहरा ओळखू न येण्याइतका सुजलेला. काखेतल्या किंवा मानेतल्या गाठी सुजलेल्या, त्या मात्र दुखू शकतात. थोडा ताप, डोकेदुखी असेल किंवा नसेलही.

न दुखणं, पू नसणं, काळी खपली आणि बेसुमार सूज : हे चार एकत्र दिसले की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत अँथ्रॅक्सच समजा. एक अपवाद ध्यानात ठेवा. गावठी लेप, चुना, बिडीची राख लावून जखम चिघळली असेल तर वरून दुसऱ्या जंतूंचा संसर्ग होतो, मग दुखतं आणि पूही येतो.

दुसरी पायरी : विचारा, पण विचारायची पद्धत हवी

"मेलेल्या जनावराचं मांस खाल्लं का?" असं थेट विचारलंत तर उत्तर जवळजवळ नेहमी "नाही" येईल. त्यात लाज असते, जातीचा दंश असतो, आणि गोवंशाचा विषय असेल तर कायद्याची भीती असते. म्हणून सुरुवात जनावरापासून करा. "मावशी, गेल्या पंधरा-वीस दिवसांत तुमच्याकडं किंवा शेजारीपाजारी जनावर दगावलं का? कशानं? किती वेळात? मग त्याचं काय केलं? कातडं कुणी काढलं?" या क्रमाने गेलात की माणूस बोलतो. केसपेपरवर लिहिताना मी पोलिसांत कळवणार नाही, हे रुग्णाच्या देखत सांगून टाका. आपल्याला रोग शोधायचा आहे, आरोपी नाही.

जनावराच्या मरणाचं वर्णन ऐका. सकाळी चरत होतं, दुपारी आडवं पडलं. नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट रक्त आलं आणि ते गोठलं नाही. पोट झपाट्याने फुगलं, अंग ताठलं नाही. हे ऐकलं की फाशीचा संशय पक्का. गावकरी सर्पदंश किंवा विषबाधा सांगतील, फऱ्या किंवा घटसर्प हे जनावरांचे दुसरे रोग म्हणतील. ते बरोबरही असू शकतं, पण तुमचा संशय त्यामुळे मिटता कामा नये.

जनावराशी थेट संबंध नसेल तर धंदा विचारा. खाटीक, कातड्याचं काम करणारे, लोकर किंवा हाडांचा चुरा हाताळणारे, पशुवैद्यक आणि त्यांचे मदतनीस, ढोल मढवणारे. २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणि २००८ मध्ये लंडनमध्ये कच्च्या कातड्यापासून ढोल बनवणाऱ्यांना श्वासावाटे अँथ्रॅक्स झाला होता. कातडं परदेशातून आलेलं, जनावर मरून किती काळ लोटलेला कोण जाणे.

तिसरी पायरी : दिसायला तसंच, पण वेगळं

आपल्याकडे सगळ्यात मोठा गोंधळ स्क्रब टायफसशी, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाशी होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली तेव्हापासून डॉक्टर काळी खपली शोधायला शिकले, ही चांगली गोष्ट. पण स्क्रब टायफसची खपली लहान असते, बहुधा काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या पट्ट्याखाली लपलेली असते. तिच्याभोवती मोठी सूज नसते आणि ताप जोरदार असतो. अँथ्रॅक्सची खपली उघड्या अंगावर, हात-चेहरा-मानेवर. सुदैवाने डॉक्सिसायक्लिन दोन्हींवर चालतं, म्हणून खात्री होत नसेल तर ते चालू करायला हरकत नाही.

साधं गळू आणि मधुमेह्याचं कारबंकल दुखतं, लाल असतं, त्यात पू असतो. मेंढपाळाच्या बोटावर मेंढीच्या तोंडाच्या फोडांपासून येणारी गाठ असू शकते, गवळ्याच्या हातावर म्हशीच्या देवीचे फोड असू शकतात. दोन्ही विषाणूंचे आजार आहेत, त्यांत इतकी सूज येत नाही. कोळी चावला हे निदान तर विसरूनच जा, निदान पहिल्या भेटीत तरी. २००१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सात महिन्यांच्या बाळाच्या दंडावर अशी जखम उठली, ती आधी कोळ्याचा चावा समजली गेली, आणि तोवर बाळाच्या रक्तपेशी फुटून मूत्रपिंडावर परिणाम झाला होता. बाळ वाचलं. पण अमेरिकेतल्या मोठ्या शहरात, चांगल्या रुग्णालयात हे निसटतं, तर आपण सावध राहायलाच हवं.

चौथी पायरी : त्वचेपुरतं आहे की आत गेलंय?

या पायरीवर रुग्ण घरी गोळ्या घेऊन जाणार की अॅम्ब्युलन्समध्ये बसणार हे ठरतं. खूप ताप, नाडी जलद, रक्तदाब खाली, श्वास लागणं, रक्ताच्या उलट्या किंवा जुलाब, पोट फुगणं, भयंकर डोकेदुखी, बडबड किंवा गुंगी, मान ताठ होणं, झटके, यातलं एकही दिसलं तर तो सर्वांगात पसरलेला अँथ्रॅक्स समजा. चेहरा किंवा मानेवर जखम आणि मोठी सूज असेल तर बाकी काही नसलं तरी दाखल करा, कारण सूज श्वासनलिका दाबू शकते. आवाज बदलला, लाळ गिळता येईना, घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला की नळी घालायला उशीर करू नका. सूज वाढल्यावर तोंडातून नळी जात नाही, मग गळ्याला छेद देण्याची वेळ येते.

पोटाचा अँथ्रॅक्स मांस खाल्ल्याने होतो. दोन रूपं आहेत. एकात घशात आणि टॉन्सिलवर व्रण, मान सुजलेली, गिळता न येणं, माणसाच्या घटसर्पासारखं (डिप्थीरिया) दिसतं. दुसऱ्यात ताप, मळमळ, पोटदुखी, रक्ती जुलाब, पोटात पाणी. एकाच घरातले किंवा एकाच वाटणीतले तीन-चार जण एकदम पोटाच्या तक्रारीने आले आणि त्यातल्या एकाच्या हातावर काळी खपली असेल तर अन्नविषबाधा लिहून सोडून देऊ नका. मृत्यूचं प्रमाण २५ ते ६० टक्के असं सांगितलं जातं.

श्वासावाटे होणारा आपल्या गावात जवळजवळ दिसत नाही. सुरुवात फ्लूसारखी, पण नाक वाहत नाही. मग एकाएकी श्वास लागतो, रक्तदाब कोसळतो. छातीच्या एक्स-रेमध्ये दोन फुप्फुसांमधली जागा रुंदावलेली आणि छातीत पाणी. अमेरिकेत २००१ मध्ये टपालातून आलेल्या बीजाणूंमुळे २२ जणांना अँथ्रॅक्स झाला, ११ जणांना श्वासावाटे, त्यातले पाच गेले.

मेंदूचा दाह कुठल्याही प्रकारातून होऊ शकतो आणि तो सगळ्यात वाईट; बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. २००१ मधला पहिला रुग्ण, फ्लोरिडातले छायाचित्र संपादक रॉबर्ट स्टीव्हन्स, गोंधळलेल्या अवस्थेतच दाखल झाले होते. संसर्गरोगतज्ज्ञ लॅरी बुश यांनी त्यांच्या पाठीच्या कण्यातून सुईने काढलेल्या पाण्याची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्या जाड, निळ्या-जांभळ्या दांड्यांवरून संशय धरला. महागडं यंत्र लागलं नाही, ग्रॅम रंगप्रक्रिया, म्हणजे जिवाणू रंगवून बघायची साधी पद्धत लागली. म्हणून सर्वांगात पसरलेल्या प्रत्येक रुग्णात, करण्यासारखी स्थिती असेल तर, पाठीतलं पाणी तपासावं. अँथ्रॅक्समध्ये ते बरेचदा रक्ताळलेलं निघतं आणि सुई लागल्याने रक्त आलं असं समजून फेकलं जातं.

पाचवी पायरी : नमुने, पहिल्या गोळीच्या आधी

अँटिबायोटिकचा एखादा दिवस झाला की जखमेतून जिवाणू मिळेनासा होतो. म्हणून आधी नमुना, मग गोळी. पण नमुन्यासाठी गोळी अडवून ठेवायची नाही. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे.

फोड शाबूत असेल तर निर्जंतुक सुईने किंचित उघडून आतलं पाणी दोन कापसाच्या काड्यांवर घ्या. खपली धरली असेल तर ती काढू नका, फक्त कड हलकीशी उचलून खालून काडी फिरवा. एक काडी रंगप्रक्रिया व कल्चरसाठी (जिवाणू ताटलीत वाढवून बघणं), दुसरी पीसीआरसाठी (जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी). ताप असेल तर रक्ताचं कल्चर. दहा मिलिलिटर साधं रक्त जपून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी परत घ्या. दोन नमुन्यांत प्रतिपिंडं चौपट वाढलेली दिसली तर औषधं आधीच घेतलेल्या रुग्णातही निदान पक्कं होतं. पोटात किंवा छातीत पाणी असेल तर तेही पाठवा.

ग्रॅम रंगप्रक्रियेत मोठे, जांभळे, चौकोनी टोकांचे दांडे बांबूच्या पेरांसारखे एकापुढे एक जोडलेले दिसतात. पॉलिक्रोम मिथिलिन ब्ल्यूने रंगवलं तर निळ्या दांड्याभोवती गुलाबी आवरण दिसतं. ही जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे आणि पशुवैद्यकांच्या प्रयोगशाळेत ती हाताखालची असते.

आता जिथे हमखास घोटाळा होतो ते. प्रयोगशाळेच्या कागदावर "जखमेचा स्वॅब, कल्चर" एवढंच लिहून पाठवलंत, तर तंत्रज्ञाला ताटलीत बॅसिलस दिसला तरी तो हवेतून आलेला समजून "दूषित नमुना" असा शेरा देतो. चूक त्याची नसते, रोज तसे दहा येतात. कागदावर ठळक लिहा : "अँथ्रॅक्सचा संशय, मेलेल्या जनावराशी संपर्क." शिवाय फोन करा. याने फक्त निदान हाती लागतं असं नाही, तंत्रज्ञाचा जीवही जपला जातो, कारण मग तो उघड्या टेबलावर ताटली हाताळत नाही. नमुना तिहेरी आवरणात, काडी फुटणार नाही अशा घट्ट झाकणाच्या नळीत, जिल्हा सर्वेक्षण कक्षामार्फत ठरवलेल्या प्रयोगशाळेतच पाठवा. खासगी कुरिअरने परस्पर नको.

सहावी पायरी : उपचार

अहवालाची वाट पाहायची नाही. संशय रास्त असेल तर त्याच भेटीत औषध.

त्वचेपुरता आणि सौम्य असेल तर प्रौढाला सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम दर बारा तासांनी, किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दर बारा तासांनी, तोंडाने. जिवाणू पेनिसिलिनला दाद देतो असं कळलं तर अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम दर आठ तासांनी चालतं. मुलांत सिप्रोफ्लॉक्सासिन किलोमागे १५ मिलिग्रॅम दर बारा तासांनी, एका वेळी ५०० पेक्षा जास्त नाही; संवेदनशीलता कळल्यावर अमॉक्सिसिलिन किलोमागे २५ मिलिग्रॅम दर आठ तासांनी. गरोदर बाईला सिप्रोफ्लॉक्सासिन द्यावं, आजाराचा धोका औषधाच्या धोक्यापेक्षा मोठा आहे. जनावरापासून झालेल्या आजारात सात ते दहा दिवस पुरतात. साठ दिवसांचा जो कोर्स वाचायला मिळतो, तो हवेतून बीजाणू श्वासात गेलेल्यांसाठी आहे. कोरापुटच्या शेतकऱ्याला तो द्यायचं कारण नाही.

गोळी देताना दोन वाक्यं जास्त बोला. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, नाहीतर अंगात उतरत नाही. गरोदर बाईच्या हातात या दोन्ही गोळ्या असतातच, तेव्हा वेळा वेगळ्या करून द्या. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये.

आता सेफ्ट्रिअॅक्सोन. छोट्या-मोठ्या दवाखान्यांत ताप आणि सूज दिसली की हात आपोआप याच कुपीकडे जातो. अँथ्रॅक्सचा जिवाणू या गटातल्या औषधांना मुळातूनच दाद देत नाही. कोट्रायमॉक्साझोलचंही तेच. सेफ्ट्रिअॅक्सोन चालू आहे म्हणून निर्धास्त राहिलेला रुग्ण म्हणजे प्रत्यक्षात उपचारच न मिळालेला रुग्ण. या लेखातली एकच ओळ लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या.

दुसरी हमखास होणारी गोष्ट म्हणजे चीर देणं. पू नाही, मग चिरून काय निघणार? उलट जिवाणू पसरायला वाट मिळते. खपली खरवडू नका, कापू नका. कोरडी पट्टी बांधा, हात उंच ठेवा. काढलेल्या पट्ट्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, जाळण्यासाठी. हात साबण-पाण्याने धुवा. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने बीजाणू मरत नाहीत.

तिसऱ्या दिवशी रुग्ण परत येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, औषधानं काही होईना, काळं वाढतंय." इथे घाबरून औषध बदलू नका. विष आधीच लागलेलं असतं, खपली आपला क्रम पुरा करते. ताप उतरला का, सूज थांबली का, नव्या तक्रारी आहेत का, एवढं बघा. खपली दोन-तीन आठवड्यांत आपोआप पडते. पापणीवर असेल तर मागे राहिलेला व्रण पापणी बाहेर ओढतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे आधीच पाठवून ठेवा. उपचाराविना त्वचेच्या अँथ्रॅक्समध्ये शंभरातले दहा ते वीस दगावू शकतात. वेळेवर उपचार मिळाले तर शंभरात एखादाही नाही.

सर्वांगात पसरलेल्याला एक औषध पुरत नाही. शिरेतून सिप्रोफ्लॉक्सासिन ४०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, आणि त्याच्या जोडीला विष बनणं थांबवणारं औषध : क्लिंडामायसिन ९०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी किंवा लिनेझोलिड ६०० मिलिग्रॅम दर बारा तासांनी. मेंदूचा दाह असेल, किंवा नाही असं खात्रीने म्हणता येत नसेल, तर सिप्रोफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड आणि मेरोपेनेम २ ग्रॅम दर आठ तासांनी अशी तीन एकत्र, दोन ते तीन आठवडे किंवा रुग्ण स्थिरावेपर्यंत, यातलं जे जास्त असेल तितकं. मेंदूच्या दाहात आणि मानेच्या मोठ्या सुजेत डेक्सामेथासोनचा विचार करतात. छातीतलं, पोटातलं पाणी काढून टाका. त्यात विष साठलेलं असतं. विषावर थेट काम करणारी प्रतिपिंडं, रॅक्सिबॅक्युमॅब आणि ऑबिल्टॉक्सॅक्सिमॅब, अमेरिकेत मंजूर आहेत, आपल्या जिल्हा रुग्णालयात त्यांच्या भरवशावर बसता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी असाल तर सिप्रोफ्लॉक्सासिनची पहिली बाटली लावून, क्लिंडामायसिन असेल तर तेही देऊन मग १०८ बोलवा. रिकाम्या शिरेने रुग्ण पाठवू नका.

घरचे, शेजारी आणि गाव

रुग्णापासून माणसाला हा आजार जवळजवळ लागतच नाही. वेगळी खोली, वेगळी ताटवाटी, कशाचीही गरज नाही. हे घरच्यांसमोर, आशाताईंसमोर मोठ्याने सांगा, नाहीतर गाव त्या घरावर बहिष्कार टाकतं. ज्यांनी त्याच जनावराला हात लावला किंवा मांस खाल्लं त्यांची यादी करा, त्यांना कमीत कमी दोन आठवडे नजरेखाली ठेवा. मांस खाल्लेल्यांना किंवा सोलताना हात कापलेल्यांना प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या की नाहीत, ते जिल्हा पथकाशी बोलून ठरवा. उरलेलं आणि वाळवलेलं मांस ताब्यात घेऊन नष्ट करा. शिजवलं की धोका संपला, हा समज पक्का रुजलेला असतो. घरच्या चुलीवर बीजाणू मरतील याची खात्री देता येत नाही, आणि मुख्य संसर्ग तर कापता-सोलतानाच होतो.

त्याच दिवशी पशुधन विकास अधिकाऱ्याला फोन करा. २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या केंद्रीय कायद्यात अँथ्रॅक्स कळवणं बंधनकारक आहे. संशयित मेलेलं जनावर फाडायचं नाही, शवविच्छेदनसुद्धा नाही. पशुवैद्यक कानाच्या शिरेतून थोडं रक्त घेऊन काचपट्टी करतात. पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन विभागाची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. प्रेत जाळणं सगळ्यात चांगलं. जमत नसेल तर किमान दोन मीटर खोल, पाण्याच्या वाटेपासून दूर, न ओढता न फाडता पुरायचं. वरून चुना टाकायची आपल्याकडे रीत आहे, पण जागतिक आरोग्य संघटना चुना टाकू नका म्हणते, कारण कॅल्शियममुळे बीजाणू उलट जास्त टिकू शकतात. जागेला कुंपण घाला, तिथलं गवत कापून दुसऱ्या गोठ्यात नेऊ नका.

गावातल्या बाकीच्या जनावरांना स्टर्न जातीच्या बीजाणूंची लस देतात, आणि जिथे एकदा फाशी झाली तिथे ती पुढे दर वर्षी, पावसाळ्याच्या आधी द्यावी लागते. लस जिवंत आहे. ज्या जनावराला अँटिबायोटिक चालू आहे त्याला ती टोचली तर लागू पडत नाही, तेव्हा लसीकरणाच्या दिवशी पथकाला आधी हे सांगा, की कोणत्या गोठ्यात गेल्या आठवड्यात इंजेक्शनं झाली आहेत.